हेल्मेट मागू नकोस, बाझर

चहा घे. मीठ कमी वाटलं तर सांग.
घोडा माग, खोगीर माग,
उद्या मेंढ्या कातरायला माझे दोन्ही हात माग,
पण खांबाला टांगलंय ते हेल्मेट
मागू नकोस.

दिसतं खरं धडधाकट.
लाल रंग तसाच, पट्टा शाबूत,
कपाळाशी बायकोनं शिवलेली निळी रेशमी फीत
तीही उसवली नाही.
तू टिचकी मारून पाहिलीस,
विकाऊ घोड्याचे दात बघावेत तसं
उलटंपालटं केलंस
आणि म्हणालास, साधा ओरखडा नाही रे,
माझ्या पोराला होईल.

आत बघ. अस्तर बाजूला कर.
डाव्या कानाच्या वर, त्या पांढऱ्या फोमला
अंगठा लाव.
खचलाय ना?
बर्फात कुत्रं झोपून उठलं
की जागा राहते, तसा.
तिथं इदेरचं डोकं होतं,
गेल्या मंगळवारी,
कुमाइताचा पाय मार्मोटच्या बिळात गेला तेव्हा.
त्या फोमला आयुष्यात एकदाच काम होतं.
ते त्यानं केलं.

पोरगा लगेच उठला. धूळ झटकली.
घोडा पकडून आणतो म्हणाला.
मी त्याला खाली बसवलं, नाव विचारलं,
आईचं विचारलं, काल काय खाल्लं ते विचारलं.
सगळं बरोबर सांगितलं त्यानं,
फक्त दोनदा सांगितलं.
डॉक्टर ओतगोनबाई म्हणाल्या, तीन आठवडे
खोगिराला हात नाही, आणि मग पुन्हा दाखवायला आण.
नादामची शर्यत दहा दिवसांवर आलीय.
कुमाईत यंदा पहिला आला असता.
मला कुणी सांगायला नको,
मीच तयार केलाय त्याला.

माझा थोरला भाऊ तुला आठवतो? चोइजिल?
तू तेव्हा रांगत असशील.
तोही असाच उठला होता. धूळ झटकली होती.
डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी,
ती जागची हललीसुद्धा नव्हती.
बाबांनी पाठ थोपटली,
दुसऱ्या दिवशी पुन्हा करड्यावर बसवला.
पुन्हा पडला. या खेपेला मऊ गवतावर,
झोपेत कूस बदलावी इतका हळू.

त्यानंतर तो एकतीस वर्षं जगला.
जेवायचा. वाळलं शेण वेचायचा.
पावलं मोजत विहिरीकडे निघायचा,
मध्येच आकडा निसटला की
परत तंबूपाशी येऊन एकपासून मोजायचा.
आम्ही घोड्यांना रंगावरून हाका मारणारी माणसं.
चोइजिल तांबड्याला करड्या म्हणायचा,
अबलखाला करड्या,
ओल्या शिंगरालाही करड्याच.
शेवटी शेवटी मलाही.

बाहेरून?
बाहेरून ओरखडा नव्हता.

आमच्याकडे काही वाया जात नाही, तू बघतोसच.
फुटक्या टायरचा दोर होतो,
दोराचा लगाम होतो,
लगाम तुटला तर करडाला बांधायला.
म्हणून तीन दिवस ते खांबाला लटकतंय.
कुऱ्हाड काढतो, परत ठेवतो.
आज तू आलास, मागितलंस,
तेव्हा कळलं, ठेवण्यात चूक होती.
तू नाही तर दुसरं कुणी न विचारता नेईल.
चहा झाला की फोडतो. तुझ्यासमोर.

आणि हा दोरा घे.
पोराच्या डोक्याभोवती धर,
भुवयांच्या वर दोन बोटं सोडून.
ओढू नकोस, सैलही नको. जिथं जुळेल तिथं गाठ मार.
गुरुवारी ट्रक शहराला जातो,
ड्रायव्हरकडे एक दोरा इदेरचा दिलाय,
एक तुझ्या पोराचा देऊ.
पैशाचं लोकर विकल्यावर बघू.

गाठ घट्ट मार.
मागच्या वेळी तुझी गाठ सुटली
आणि माझं शिंगरू नदीपलीकडे सापडलं.